कोरिनसाठी टिकाऊ सामान

एरी, ६ ऑगस्ट १९६७

प्रिय मर्ल,

बाबांनी जाण्याआधी लिहून ठेवलेलं तू फोनवर वाचून दाखवलंस तेव्हा मी गप्प राहिले, कारण लेनर्ड शेजारीच उभा होता. आता लिहिते. शिकारीच्या कॅम्पातली त्यांची खाट "ज्या नातवंडाचं हरीण आधी वाशावर टांगलं जाईल त्याची". नातवंडं दोनच. तुझा डेल अजून दहाचा, माझी कोरिन पुढच्या महिन्यात बाराची, आणि शिकारीचा परवाना मिळतो बाराव्या वर्षी. म्हणजे यंदा रिंगणात ती एकटीच. हे मी तुला खिजवायला लिहीत नाही. थोडंसं खिजवायलाही लिहिते, तू मला ओळखतोसच.

त्या कॅम्पात सहा खाटा आणि सहा पुरुष. मी तिथे बटाटे सोलले, पाणी वाहिलं, हाकाऱ्यात चालले आणि अंधार पडला की दर वेळी मला घरी पिटाळलं. डब्यावर नेम धरण्यात मी तुझ्यापेक्षा बरी होते, हे बाबाही कबूल करायचे. तरी माझ्यासाठी कुणी सातवी खाट ठोकली नाही. ते मला अजून लागतं. माझ्या मुलीला तिथे हक्काने झोपायला जागा हवी, बाकी मला बाबांचं काही नको.

ती छोट्या बंदुकीने नेमबाजीच्या क्लबात सोड्याच्या बाटल्यांची झाकणं उडवते. दहात नऊ. पण सामान काय घ्यायचं ते मला कळत नाही आणि लेनर्डला दुकानातल्या औषधाच्या बाटल्यांपलीकडे काहीच कळत नाही. एकदाच घ्यायचं, पण जन्मभर पुरेल असं. कोट, बूट, रायफल, सगळं तू सांग.

तुझी,
व्हर्ना


कॉर्बेट रन, १९ ऑगस्ट १९६७

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र ईडिथने जेवताना मोठ्याने वाचलं. डेल म्हणाला, "बाबा, आत्या भांडतेय की विचारतेय?" मी म्हटलं, "तिला दोन्ही एकदम करता येतं."

मामा झालोय तर मामाचं काम करतो. लिहून घे.

कोट मेण चढवलेल्या जाड कॅनव्हासचा घे. लोकरीच्या नादी लागू नकोस, लोकरीला कसर लागते. बूट गिरणीतले कामगार घालतात तसे, पुढे पोलादी वाटी असलेले, आणि दोन मापं मोठे. पोरींचे पाय वाढतात. आज तीन मोजे घालील, पुढे दोन, मग एक. रायफल मोठ्या माणसाची घे, मोठ्या काडतुसाची. मुलांसाठी म्हणून ज्या विकतात ती खेळणी असतात, दोन वर्षांत माळ्यावर जातात. दुकानदार म्हणेल, खांद्याला टेकतो तो दस्ता तिच्या हाताच्या मापाने कापून देतो. कापू देऊ नकोस. म्हणेल, मागे रबर लावतो. रबराचा चार वर्षांत भुगा होतो, पोलादी पट्टी राहते. काडतुसं पूर्ण भाराची. ढिल्या काडतुसांनी पोर ढिली होते.

शर्ट चांगला घे, मागे लांब. नेम चुकला की मागची शेपूट कापून भिंतीला ठोकतात, हे तिला आत्ताच सांगून ठेव. माझ्याही तिथे आहेत, तुला माहीतच आहे.

यातली प्रत्येक वस्तू तिच्या नातवंडांपर्यंत टिकेल.

मर्ल


एरी, ८ ऑक्टोबर १९६७

प्रिय मर्ल,

सगळं घेतलं, अगदी तुझ्या शब्दाबरहुकूम. दुकानातल्या म्हाताऱ्या टिबेट्सने रायफल हातात देताना विचारलं, "बाई, ही कोणासाठी?" मी कोरिनकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "हिची हाडं अजून कोवळी आहेत." मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं की माझा भाऊ तीस वर्षं डोंगरात शिकार करतोय, त्याला गल्ल्यामागे उभं राहणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. बिचाऱ्याने रायफल गुंडाळून दिली.

कोट कोपऱ्यात एकटा उभा राहतो, इतका कडक आहे. लेनर्ड त्याला "पाहुणे, बसा" म्हणतो.

रविवारी दगडाच्या जुन्या खाणीत नेऊन दहा बार काढायला लावले. दस्त्याच्या धक्क्यांनी खांदा काळानिळा झालाय, थेट मानेपर्यंत. रडली नाही. मात्र रात्री कूस बदलताना कण्हते ते भिंतीपलीकडून ऐकू येतं. हे असंच असतं ना? मला आठवत नाही, मला कधी कुणी मोठी रायफल दिलीच नव्हती.

तुझी,
व्हर्ना


कॉर्बेट रन, १७ ऑक्टोबर १९६७

प्रिय व्हर्ना,

असंच असतं. काळं-निळं झालं की पिवळं पडतं, पिवळं पडलं की शिकली समजायचं. खांद्याखाली उशी-बिशी ठेवू नकोस. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी बसने पाठव, ईडिथ टर्कीची तंगडी तिच्यासाठी राखून ठेवील. निजायला आमच्याकडे, सोमवारी हंगाम उघडतो, त्या पहाटे मी कॅम्पावर नेईन.

मर्ल


कॉर्बेट रन, ५ डिसेंबर १९६७

प्रिय व्हर्ना,

पोरगी सुखरूप पोचली असेल. ती काही बोलणार नाही, म्हणून मी सांगतो.

सोमवारी उजाडताना तिला ओढ्याच्या वरच्या बसणीवर ठेवलं, सगळ्यात चांगली जागा. थंडी अशी की कोटाचा पत्रा झाला. ती हात हलवायची की तो खडखडायचा आणि ऑरिनकाका पलीकडच्या धारेवरून म्हणायचे, "कोण छपराची दुरुस्ती करतंय?" तरीही देवाच्या कृपेने एक नर आलाच, शिंगांना सहा टोकं असलेला, चाळीस पावलांवर आडवा उभा. आंधळ्यालाही चुकणार नाही असा. तिने डोळे मिटले, मान फिरवली आणि बार काढला. हरणाने तिच्याकडे बघितलं. खरंच बघितलं, व्हर्ना, आणि चालत गेलं, पळालंसुद्धा नाही. दुपारी दुसरा आला. तेव्हा तर चाप ओढायच्या आधीच तिचा खांदा उडाला, बार जमिनीत.

संध्याकाळी कॅम्पात तिला बाकावर उभी केली. ऑरिनकाकांनी कात्री मला दिली, मामाचा मान म्हणून. चांगला शर्ट होता, कात्री चालेना. दोन चुकांच्या दोन शेपट्या काढायच्या तर मागे काही उरेना, मग बाहीपर्यंत गेलो. सगळे हसून हसून लाल झाले. डेलने खिळा ठोकला. खाली नाव आणि तारीख घातलीय, त्या भिंतीवरचं मुलीचं पहिलं नाव. तुला हवं होतं ना तिचं नाव तिथे, लागलं.

पायाची दोन बोटं जरा पांढरी पडली होती, ईडिथने कोमट पाण्यात धरली. पोलाद गारठतं, त्याला इलाज नाही. ती रडली नाही, हे मात्र मानलं.

मर्ल


एरी, ७ जानेवारी १९६८

प्रिय मर्ल,

तुझं पत्र वाचून मला शरमेने मेल्यासारखं झालं. तुझी नव्हे, तिची शरम. इतकं सगळं उत्तम घेऊन दिलं, इतक्या चांगल्या जागी बसवलीस, आणि हिने डोळे मिटले.

मी तिला खूप बोलले. ती म्हणाली, "आई, मी मिटत नाही, ते आपोआप मिटतात." मी तिच्या थोबाडीत मारली. पहिल्यांदाच मारली. रविवारी तिला पुन्हा खाणीत नेलं आणि तीस बार काढायला लावले. विसाव्या बारानंतर तिला उलटी झाली. लेनर्ड गाडीतून उतरून म्हणाला, "बस कर, व्हर्ना." मी त्याला परत गाडीत बसवलं. तिसाच्या तीस काढून घेतले.

आता क्लबातल्या छोट्या बंदुकीनेही तिचे दहात तीन लागतात. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू का? की अजून सराव? येत्या हंगामापर्यंत डेल बाराचा होईल, माझ्याकडे वेळ नाही. जे असेल ते स्पष्ट लिही.

तुझी,
व्हर्ना


कॉर्बेट रन, १५ जानेवारी १९६८
(साधं कार्ड)

व्हर्ना,

डोळे चांगले आहेत. तीस कमी पडले. पन्नास कर.

मर्ल


एरी, २१ सप्टेंबर १९६८

मर्ल,

पन्नास केले. मार्चपासून जुलैपर्यंत, दर रविवारी.

काल मी टिबेट्सच्या दुकानात गेले होते. डेलच्या बाराव्या वाढदिवसाला काहीतरी घ्यावं म्हणून, त्याची आत्या आहे म्हणून. टिबेट्स म्हणाला, "बाई, तुमच्या भावाची मागणी पोस्टाने आलीय, आजच बांधतोय, तुमची वस्तू त्याच पेटीत टाकू का?" आणि त्याने तुझ्या अक्षरातला कागद माझ्यापुढे ठेवला.

हलकी रायफल, छोट्या काडतुसाची. दस्ता मुलाच्या मापाने कापून. कापलेला तुकडा जपून सोबत पाठवणे, वाढेल तसा परत जोडायचा आहे. मागे जाड रबर. मऊ लोकरीचा कोट, चालताना आवाज न होणारा. रबरी तळव्याचे बूट, नेमक्या मापाचे, पोलाद नको. आणि खाली रेघ ओढून: "सुरुवातीला अर्ध्या भाराची काडतुसं, मुलगा दचकायला नको."

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. एकूण एक गोष्ट.

टिबेट्सने सांगितलं, एकदा पोर दचकायला लागलं की ते बहुतेक जातच नाही. मी विचारलं, बहुतेक म्हणजे किती? तो कागदाची घडी घालत बसला. घरी दार आपटलं तरी आता कोरिनचा उजवा खांदा उडतो. शाळेत मुलं मुद्दाम तिच्यामागे पुस्तकं पाडतात. आणि तिला हे करायला मी लावलं, तुझ्या कार्डावरून, माझ्या हाताने. तू एका बारा वर्षांच्या मुलीला नासवलंस, एका खाटेसाठी. काय वाटतं तुला, ते तरी लिही.

व्हर्ना


कॉर्बेट रन, १ ऑक्टोबर १९६८

व्हर्ना,

विचारलंस म्हणून लिहितो.

मी सांगितलेली एक वस्तू दाखव जी फाटली, उसवली किंवा गंजली. तू टिकाऊ मागितलंस, मी टिकाऊ सांगितलं.

ती यादी माझी नव्हेच, बाबांची आहे. मला दहाव्या वर्षी हेच मिळालं होतं, तेव्हा परवाना कुणी विचारत नव्हतं. दोन मापं मोठे पोलादी बूट, तसलाच पत्र्याचा कोट, पोलादी पट्टीची रायफल. "जन्मभर पुरेल." माझा खांदा कधी पिवळाच पडला नाही, कारण काळं जायच्या आत पुढचा रविवार यायचा. त्या भिंतीवर माझ्या अकरा शेपट्या आहेत. त्यातल्या पहिल्या तीन कुणी कापल्या आठवतंय? बाबा तुला कात्री द्यायचे, गंमत म्हणून. तू आठ वर्षांची होतीस आणि कात्री चालवायच्या आधी माझ्या मागे उभी राहून हवेत कचकच वाजवायचीस, मी दचकावं म्हणून. मी दचकायचो. सगळे हसायचे, तू सगळ्यात जोरात.

तुला सातवी खाट मिळाली नाही याचं तुला दुःख आहे. मला सहावी मिळाली, आणि ती मिळेपर्यंत माझं काय झालं ते तुला बघायला मिळालं, फुकटात. तरी मी चौदाव्या वर्षी माझा नर पाडला. दहा टोकांचा, एका गोळीत. कोरिनही पाडील एखाद दिवशी. किंवा नाही पाडणार.

मर्ल


एरी, १२ ऑक्टोबर १९६८

मर्ल,

कात्रीचं खरं आहे. मी हसले तेही खरं आहे. मी आठ वर्षांची होते. तू चव्वेचाळीसचा आहेस.

आता तू काढलंसच आहेस तर तुझ्या दहा टोकांच्या नराबद्दल ऐक. तीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, लेनर्डलाही नाही.

त्या दिवशी हाकाऱ्यातून मी बाबांजवळ येऊन थांबले होते. तू खाली दगडापाशी, आम्ही तुझ्यामागे पंचवीस-तीस पावलांवर झुडपात. नर आला. तू रायफल उचललीस आणि बाबांनीही उचलली. मला वाटलं, तू चुकलास तर मारतील. पण ते थांबले नाहीत. त्यांची नजर नरावर नव्हतीच, तुझ्या बोटावर होती. तुझा चाप आणि त्यांचा चाप एकदम, एकच आवाज. तुझी गोळी वर गेली, मी बघितलं. हेमलॉकच्या झाडाची फांदी तुटून तुझ्या टोपीवर पडली. नर पडला तो बाबांच्या गोळीने. बाबांनी माझं तोंड दाबून धरलं आणि म्हणाले, "तू काही बघितलं नाहीस. त्याला आयुष्यात एक तरी गोष्ट मिळू दे."

ज्याची गोळी त्याचं हरीण, हा कॅम्पाचा नियम. म्हणजे तू आयुष्यात एकही हरीण हक्काने टांगलं नाहीस. ज्या खाटेवर झोपतोस ती तुला दया म्हणून दिलेली आहे. दर थँक्सगिव्हिंगला तू तो किस्सा सांगायचास, बाबा मान डोलवायचे आणि मी तुला बटाटे वाढायचे. पुढच्या वेळी सांगशील तेव्हा हे लक्षात ठेव.

व्हर्ना


कॉर्बेट रन, ८ डिसेंबर १९६८

व्हर्ना,

दोन महिने लागले उत्तराला. मला माहीत होतं.

त्याच संध्याकाळी माहीत झालं. बाबा म्हणाले, तुझं हरीण तूच सोल. खांद्याच्या हाडात गोळी सापडली, बोटाएवढी जाड. माझ्या रायफलच्या नळीत ती शिरलीसुद्धा नसती. बाबांच्या जुन्या पस्तीस कॅलिबर रायफलची होती. मी ती मुठीत घेऊन ओढ्यावर गेलो, टाकली आणि हात धुऊन जेवायला आलो. त्यानंतर तो किस्सा मी कधी स्वतःहून सांगितला नाही, तू आठवून बघ. दर वेळी बाबा म्हणायचे, "सांग, मर्ल." मग सांगायचो. त्यांना वाटायचं मला माहीत नाही. मला वाटायचं निदान तुला माहीत नाही. जेवणाच्या टेबलावर एक माणूस तरी माझं ऐकून खरं मानतंय, या एका गोष्टीवर मी तीस वर्षं तिथे मान वर करून बसलो. ते माणूस तू होतीस. तेवढं तू काढून घेतलंस. चांगला नेम आहे तुझा, अजूनही.

कोरिनचं मी केलं ते केलं. त्याची माफी मागितली तर तू तिचाही काहीतरी उपयोग करशील, म्हणून मागत नाही.

आता खाटेचं. गेल्या सोमवारी डेलने आठ टोकांचा नर पाडला. वाशावर टांगला. ऑरिनकाकांनी त्याला उचलून बाबांच्या खाटेवर फेकला, सगळ्यांनी पाठीत धपाटे घातले. पोरगं रात्रभर झोपलं नाही, खाटेची कड हाताने चाचपत होतं. इतका आनंदी माणूस मी त्या कॅम्पात पाहिलेला नाही.

मी त्याच्यामागे झुडपात होतो. बाबांची पस्तीस आता माझ्याकडे आहे. त्याला मऊ कोट दिला, हलकी रायफल दिली, रबर दिलं, सगळं दिलं, आणि तरी नर समोर आला तेव्हा त्याचं बोट थरथरलं. मी त्याच्या बोटाकडे बघत होतो. सोलायला मात्र त्याला दिलं नाही, ते मी केलं.

हे ईडिथलाही माहीत नाही. तुला का सांगतोय कुणास ठाऊक. कुणाला तरी माहीत असावं असं वाटतं, आणि अशा कामाला माझ्याकडे तूच आहेस. तू माझं वाटेल ते करशील, पण पोराला सांगणार नाहीस. एवढं मी तुला ओळखतो.

मर्ल


एरी, १३ डिसेंबर १९६८

प्रिय डेल,

तुझं मनापासून अभिनंदन. आठ टोकांचा नर आणि तोही पहिल्याच दिवशी, फार मोठी गोष्ट आहे. आजोबांच्या खाटेवर झोप लागते का रे? मधे जरा खळगा आहे ना? तुझ्या आजोबांची पाठ तशी होती.

तू आता मोठा झालास, खाट मिळाली म्हणजे कॅम्पातला पूर्ण माणूस झालास. म्हणून तुला मोठ्या माणसासारखं लिहिते. कॅम्पाचा नियम तुला माहीत असेलच, ज्याची गोळी त्याचं हरीण. तर तुझी गोळी बाबांकडून मागून घे. प्रत्येक शिकारी आपली पहिली गोळी ठेवतो. ती मिळाली की तुझ्या काडतुसाच्या टोकाशेजारी धरून बघ. तुझी बारीक असायला हवी, पेन्सिलीपेक्षा थोडीशीच जाड. बोटाएवढी जाड निघाली तर ती तुझी नाही. मग ती ऑरिनकाकांकडे घेऊन जा आणि त्यांना विचार, अशी जाड गोळी कॅम्पात कोणाच्या रायफलमधून उडते. बाबा म्हणाले हरवली, तर त्यांच्या तोंडाकडे बघ आणि मग ऑरिनकाकांकडे जा.

तुला वाईट वाटेल, ते मला माहीत आहे. तुझ्या बाबांनाही तुझ्याएवढे असताना वाटलं होतं आणि ते अजून जिवंत आहेत.

कोरिन इथे माझ्या शेजारीच बसली आहे. तिने हे पत्र वाचलं आणि म्हणाली, "आई, त्याला नको ना लिहूस, तो केवढा खूश असेल." ती अजून लहान आहे, तिला कळत नाही. मी पाकीट बंद करून तिलाच पोस्टात टाकायला पाठवते आहे.

तुझी,
व्हर्नाआत्या